एका पायरीचा रुपया

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी पणजीच्या आल्तिन्हो टेकडीवर चालत आलो. खालून, मळ्याच्या बाजूनं. स्टुडिओच्या दारात एकजण म्हणाले, "मास्तर, रिक्षा मिळाली नाही का?" म्हटलं, मिळाली होती, पण जिन्यांवर बोलायचं आणि दारात रिक्षातून उतरायचं, हे काही शोभत नाही. तेव्हा सुरुवातीला माझा श्वास जरा मोठा ऐकू आला तर रेडिओ बिघडला असं समजू नका. मास्तर बिघडलाय.

विषय आहे जिन्याची शर्यत. उंच इमारत असते, स्पर्धक खालून वर जातात, घड्याळ लावलेलं असतं. आणि बऱ्याच ठिकाणी ही शर्यत कुठल्यातरी चांगल्या कामासाठी पैसे उभे करायला घेतात. म्हणजे मी धावतो, तुम्ही माझ्या नावावर पैसे लावता, आणि ते पैसे तिसऱ्याच्या उपयोगी पडतात. कॅनडात टोरांटो शहरात सीएन टॉवर आहे. त्याच्या १७७६ पायऱ्या लोक अशाच मदतीसाठी चढतात. पॅरिसच्या आयफेल टॉवरला टोकापर्यंत १६६५ पायऱ्या, तिथंही शर्यत झालेली आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीत ही शर्यत १९७८ सालापासून आहे. शहाऐंशी मजले, १५७६ पायऱ्या. हा आकडा लक्षात ठेवा, १५७६. पुढं लागणार आहे. तिथला विक्रम ऑस्ट्रेलियाच्या पॉल क्रेक यांचा आहे, २००३ सालचा. नऊ मिनिटं तेहतीस सेकंद. बायकांमध्ये ऑस्ट्रियाच्या आंद्रेआ मायर, २००६ साली, अकरा मिनिटं तेवीस सेकंद. आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या बाईंना दुधाची पिशवी घेऊन वर जायला तेवढाच वेळ लागतो. अर्थात त्या प्रत्येक मजल्यावर थांबून बोलतात.

आता तुम्ही म्हणाल, गोव्यात टॉवर कुठाय? नाहीच. आमचे टॉवर म्हणजे देवळापुढचे दीपस्तंभ नाहीतर इगर्जीचे घंटेचे मनोरे, आणि तिथं मुलांना पळवलं तर भटजी आणि पाद्री दोघेही मिळून माझ्या घरी येतील. पायऱ्या मात्र आपल्याकडं रग्गड. पणजीच्या इगर्जीच्या पायऱ्या घ्या, पारोड्याच्या चंद्रनाथाचा डोंगर घ्या. साठीच्या बायका हातात नारळ आणि फुलांची पुडी घेऊन चंद्रनाथ चढतात आणि वर जाऊन गप्पा मारतात. धापा टाकतात ती सोबत आलेली नातवंडं.

तर टॉवर नाही, पण शर्यत घ्यायची होती. आमच्या गावच्या वाचनालयाला पाच पायऱ्या आहेत. जुनं घर, उंच जोतं, पुढं पाच पायऱ्या. गावात एक मुलगा आहे, चाकाच्या खुर्चीत असतो, वाचनाचा भयंकर नाद. त्याचा बाप त्याला पायऱ्यांखाली उभा करायचा, आत जाऊन चार पुस्तकं आणायचा, मुलगा त्यातलं एक निवडायचा, बाप तीन परत ठेवून यायचा. वर्षभर हे चाललेलं मी पाहिलं. मुलगा मोठा होत होता, बापाची कंबर काही तरुण होत नव्हती. वाचनालयाला उतार करून द्यायचा असं ठरलं, आणि पैसे उभे करायला आमच्या क्रीडा मंडळाच्या मुलांनी जिना चढायचा असं ठरलं. एकानं विचारलं, "सर, पायऱ्या काढायला पायऱ्या चढायच्या?" म्हटलं, हो. पुढं बोलू नको, बुटाची नाडी बांध.

पर्वरीला माझ्या एका मित्राची इमारत आहे, तळमजला अधिक सात मजले. सोसायटीच्या सेक्रेटरीबाबांना भेटलो. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, प्रत्येक गोष्टीला तीन अटी. एक, रविवारी सकाळी नवाच्या आत संपवायचं. दोन, भिंतीला हात लावायचा नाही. तीन, जिन्यात जे सामान आहे ते आपण हलवायचं आणि आपणच परत ठेवायचं. श्रोतेहो, त्या जिन्यात काय होतं ऐका. एकवीस चपलांचे स्टँड, दोन सायकली, एक मोडका पाळणा, वाळलेल्या तुळशीच्या चार कुंड्या आणि पाचव्या मजल्यावर गुंडाळून ठेवलेली कापसाची गादी. आग लागली तर माणसं उतरणार कुठून? जिना ही वाट आहे, माळा नव्हे. हे मी शर्यतीबद्दल बोलत नाही, तुमच्या-माझ्या घराबद्दल बोलतोय. असो.

पैशांसाठी गावातल्या भुसारी दुकानात गेलो. शेट तसे दिलदार, पण देणगी हा शब्द ऐकला की त्यांना खोकला येतो. म्हणाले, "मास्तर, देणगी मी देत नाही. काम दाखवा, दाम घ्या. एका पायरीला एक रुपया. जेवढी पोरं जेवढ्या पायऱ्या चढतील, तेवढे रुपये." मी हात जोडले आणि शेटना परत विचार करायला वेळ न देता बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, जिन्याला पायऱ्या किती?

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. पायऱ्या किती?

मी एक टप्पा मोजला. टप्पा म्हणजे एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंतचा जिना. नऊ पायऱ्या. एका मजल्याला दोन टप्पे, सात मजल्यांचे चौदा. चौदा नव्वे एकशे सव्वीस. कळवून टाकलं, १२६. सेक्रेटरीबाबांनी सांगितलं, १२७. मी म्हटलं, बाबा, तुमची चूक झाली, नऊनं भाग जात नाही. ते म्हणाले, "मास्तर, मी भागलं नाही, मोजलं." आणि शेट स्वतः आले, खिशात खडू घालून, प्रत्येक पायरीवर रेघ मारत वर गेले, आणि घामाघूम होऊन खाली येऊन म्हणाले, ११३.

जिना एकच, आणि आकडे तीन. एकशे सव्वीस, एकशे सत्तावीस, एकशे तेरा.

शेटचं म्हणणं असं, की जिथं पाय ठेवायला आडवी पायरी आहे ती पायरी. वळणावरची सपाट जागा ही पायरी नव्हे, ती जमीन. तिचा रुपया मी का देऊ? आणि सेक्रेटरीबाबांचं म्हणणं, पाय उचलावा लागतो ना? मग ती चढली. दोघे लिफ्टसमोर उभे राहून अर्धा तास भांडले. लिफ्टमधून माणसं उतरत होती, बाजू ऐकत होती, एका बाजूनं मत देऊन भाजी आणायला जात होती. शेवटी ठरलं, आधी शर्यत होऊ दे, हिशेब नंतर.

माझ्या एकशे सव्वीसचं काय झालं ते सांगतो. शर्यतीच्या आदल्या रविवारी सराव ठेवला होता. डिचोलीकडची एक मुलगी आहे, सोळा वर्षांची, बोलायला अगदी कमी. दोन फेऱ्या मारून खाली आली आणि म्हणाली, "सर, तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना पहिल्या टप्प्यात एक पायरी जास्त आहे."

"मोजलीस?"

"नाही सर. पायाला कळलं."

आता हे नीट ऐका, कारण जिन्याच्या शर्यतीतलं मर्म यातच आहे. चांगले स्पर्धक बहुतेक वेळ दोन-दोन पायऱ्या घेतात. टप्पा नऊचा असेल तर दोन, दोन, दोन, दोन, आणि शेवटी एक. ती शेवटची एकटी पायरी आली की वळण. दहा-बारा टप्प्यांत हा ठेका पायात बसतो, डोकं त्यातून निघून जातं. त्या मुलीला तिसऱ्या मजल्यानंतर ती एकटी पायरी सापडलीच नाही. दोन, दोन, दोन, दोन, आणि परत दोन. म्हणजे तिथं दहा. आणि उंची तर तेवढीच, म्हणून त्या टप्प्यातली प्रत्येक पायरी जरा बुटकी. गवंड्यानं कधीतरी माप चुकवलं असणार आणि सांभाळून घेतलं असणार. त्या इमारतीत वीस वर्षं राहणाऱ्या माणसांना हे ठाऊक नव्हतं. ते लिफ्टनं जातात.

मी वर गेलो, बोटानं मोजलं. दहा. सेक्रेटरीबाबांकडं जाऊन सांगितलं, बाबा, तुमचं बरोबर, एकशे सत्तावीस. त्यांनी मला चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत तेच ते परत परत ऐकवलं. पी.टी.चा मास्तर गणित करायला गेला की असं होतं. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, शाळेत माझा पी.टी.चा तास दर फेब्रुवारीत गणिताचे मास्तर मागून न्यायचे, पोर्शन राहिलाय म्हणून. तीस वर्षं नेले. त्या मुलांना ना गणित आलं ना लांब उडी. असो, परत जिन्यावर येऊ.

फेऱ्या तेरा ठरवल्या. एकशे सत्तावीस गुणिले तेरा, १६५१. म्हणजे पायऱ्यांच्या हिशेबात एम्पायर स्टेट ओलांडलं, आणि आयफेल टॉवर चौदा पायऱ्यांनी राहिला. उंचीचं म्हणाल तर फसवणूक आहे, तेही सांगून टाकतो. न्यूयॉर्कच्या पायऱ्या उंच आहेत, तिथं स्पर्धक ३२० मीटर वर जातात. आमची एक फेरी एकवीस मीटरांच्या आसपास, तेरा फेऱ्या मिळून पावणेतीनशेसुद्धा होत नाहीत. पण हे मुलांना मी त्या दिवशी सांगितलं नाही.

वर चढायचं आणि खाली लिफ्टनं यायचं. हा नियम लाडाचा नाही. जिना चढताना छाती भरते, पण उतरताना मांड्या आणि गुडघे मार खातात. प्रत्येक पायरीला अख्खं अंग मांडीच्या स्नायूवर आपटतं आणि तो स्नायू ताणला जात असतानाच ते वजन झेलतो. दुसऱ्या दिवशी जी मांडी दुखते ती बहुतेक उतरण्याची. म्हणून शर्यतीत चढ मोजतात, उतार लिफ्टच्या नावावर.

मुलं अठ्ठावीस, चौदा ते एकोणीस वयाची. जिना अरुंद, म्हणून सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. वीस-वीस सेकंदांनी एकेक. नेमकी माझी शिट्टी घरी राहिली. सेक्रेटरीबाबांच्या नातवाच्या सायकलीचा भोंपू काढून घेतला. भोंपू वाजला की एकानं निघायचं. पहिला मुलगा तयार, दुसरा त्याच्यामागं, आणि मी घड्याळाकडं बघतोय. तेवढ्यात गेटवर पोदेर आला. पों, पों, पों, पों! चार मुलं जिन्यात गायब. मी ओरडतोय, अरे थांबा, तो पाववाला आहे! पहिला दुसऱ्या मजल्यावर सापडला. पोदेर बिचारा गेटवर उभा, त्याला कळेना आपण काय केलं. त्या दिवशी लिफ्ट मुलांसाठी होती, म्हणून तो पावांची पिशवी घेऊन जिन्यानंच वर गेला, दारोदार थांबत. शेवटच्या मजल्यावरून उतरला तेव्हा कपाळाला घाम नव्हता. पोयी, म्हणजे त्याचे ते गोल पाव, मात्र पूर्वीपेक्षा लहान झाल्यात. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

मग शर्यत. एक गोष्ट मी मुलांना आधी दहा वेळा सांगितली होती, तुम्हालाही सांगतो. पहिले दोन मजले धावू नका. परत सांगतो, पहिले दोन मजले धावू नका. जिन्याचा गंमतीचा भाग असा, की पहिले वीस सेकंद काहीच वाटत नाही. पाय म्हणतात, चल. छातीला खबर नंतर पोचते. आणि पोचते तेव्हा तुम्ही पाचव्या मजल्यावर असता, मांड्यांत शिसं ओतल्यासारखं झालेलं असतं आणि परत फिरायची सोय नसते. दुसरी गोष्ट, कठड्याचा हात सोडू नका. आतल्या बाजूनं वळा आणि हातानं स्वतःला वर ओढा. पायाचं थोडं काम खांद्याला द्या.

आमचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता, शंभर मीटरवाला, तालुक्यात नाव असलेला. त्याची पहिली फेरी एकोणतीस सेकंद. दुसरी तीस. खाली टाळ्या. सहाव्या फेरीला तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, बरोबर त्या दहा पायऱ्यांच्या टप्प्यात, थकलेल्या पायानं शेवटची एकटी पायरी आहे असं समजून पाऊल टाकलं. पायऱ्या होत्या दोन. नडगी काठावर आपटली. मी तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा जग घेऊन उभा होतो, आवाज माझ्यापर्यंत आला. वर गेलो तर पायरीवर बसलेला, नडगी दोन्ही हातांत धरलेली, आणि शेटनी खडूनं मारलेली रेघ त्याच्या काळ्या पँटीवर उमटलेली. मी म्हटलं, "ती मुलगी सांगत होती ना?" तो म्हणाला, "सर, मला वाटलं ती पायऱ्या मोजत बसते म्हणून हळू जाते." त्याची नववी फेरी अठ्ठावन्न सेकंदांची झाली. पण त्यानं तेराही पूर्ण केल्या, हे सांगायला हवं.

आणि ती मुलगी? चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. तेरा फेऱ्यांत सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट यांत चार सेकंदांचा फरक. घड्याळाला कंटाळा येईल अशी चढत होती. शेवटी ती दुसरी आली. पहिला आला वास्कोकडचा एक मुलगा, ज्याच्याकडं आमच्यापैकी कुणाचं लक्षच नव्हतं. त्याचा आकडा वहीत बघितल्यावर कळलं. बक्षीस म्हणून दोघांना चांगले बूट दिले. ढाली, करंडक मला आवडत नाहीत. घरात धूळ खातात आणि आया पुसून पुसून कंटाळतात.

हिशेब झाला. काही मुलं मधेच थांबली, काहींनी सगळं केलं, पूर्ण झालेल्या फेऱ्या एकूण तीनशे चाळीस. सेक्रेटरीबाबांच्या एकशे सत्तावीसनं गुणलं तर ४३,१८० रुपये. शेटच्या एकशे तेरानं गुणलं तर ३८,४२०. फरक ४,७६० रुपयांचा. वही घेऊन दुकानात गेलो. शेट म्हणाले, "मास्तर, एकशे तेरा. वळण ही जमीन."

दुकानात तेव्हा वाचनालयाचं काम करणारा गवंडी विडी विकत घेत होता. तो म्हणाला, "शेट, तुमच्या दुकानाला पायऱ्या किती?"

"दोन. वर ओटा."

"मग जरा खाली उतरून वर या."

शेट उतरले. धोतराचा सोगा हातात धरला, आणि चढले. एक. दोन. आणि तिसरा पाय ओट्यावर. थांबले. परत खाली उतरले. परत चढले, या वेळी तोंडानं मोजत. एक, दोन, तीन. खाली बघितलं, ओट्याकडं बघितलं, मग गवंड्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा उतरले, तेव्हा गिऱ्हाईक खोळंबलं होतं, दोन किलो उकडे तांदूळ तराजूत तसेच. तिसऱ्यांदा चढून वर आले, गल्ल्यामागं बसले, आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी या दुकानाला दोन पायऱ्या आहेत असं सांगतोय." मग गल्ला उघडला. त्रेचाळीस हजार एकशे ऐंशी. वरचे ऐंशी सुट्ट्या नाण्यांत दिले, तेवढा सूड त्यांनी घेतला.

आता उतार. इथं थोडक्यात सांगतो, पण कामाचं आहे. गवंडी म्हणाला, तीन मीटरांत करून देतो, स्कूटर आरामात चढते. म्हटलं, स्कूटरला इंजिन असतं. खुर्ची हातानं ढकलायची असते. चाकाच्या खुर्चीला उतार एकास बारा लागतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी. वाचनालयाच्या पाच पायऱ्या, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे पाऊण मीटर उंची. पाऊण मीटरला नऊ मीटर उतार! अंगणात तेवढी सरळ जागाच नव्हती. मग मधे एक सपाट वळण घेतलं, जिन्याला असतं तसंच, आणि उतार दुमडला. शेट बघायला आले तेव्हा वळणावर उभे राहून म्हणाले, "ही जमीन." आणि स्वतःच हसले.

मघाशी मी पॉल क्रेक यांचं नाव घेतलं, एम्पायर स्टेटच्या विक्रमाचे मानकरी. २००६ साली न्यूझीलंडमध्ये सायकलच्या शर्यतीत त्यांना अपघात झाला, पाठीच्या कण्याला इजा झाली. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. हे मी मुलांना उतार बांधत असताना सांगितलं. शंभर मीटरवाला तो मुलगा तेव्हा रेतीचं घमेलं घेऊन उभा होता. काही बोलला नाही. घमेलं ओतून दुसरं आणायला गेला.

उतार तयार झाला, पाणी मारून झालं, आणि एका शनिवारी संध्याकाळी तो मुलगा आला. बापानं हात लावला नाही. त्यानं स्वतः चाकं फिरवली, नऊ मीटर, मधलं वळण, परत वर. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे. आणि वाचनालयाच्या दारात खुर्ची खटकन थांबली. उंबरठा! जुन्या घराचा लाकडी उंबरठा, दोन इंच उंच. शर्यत, हिशेब, एकास बारा, सगळं केलं, आणि उंबरठा कुणाच्या लक्षात नाही. ना माझ्या, ना सेक्रेटरीबाबांच्या, ना गवंड्याच्या.

शेट पुढं झाले, वाकून उंबरठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ही एक पायरी तुम्ही हिशेबात धरलीच नाही." खिशातून एक रुपया काढला आणि उंबरठ्यावर ठेवला. मुलानं तो उचलून आपल्या शर्टाच्या खिशात टाकला आणि गवंड्याला विचारलं, "करवत आणलीय का?"

नमस्कार.